मोलीला आज किती वेळा खायला घातले?

गेल्या पावसाळ्यात एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना नेहमीच्या तपासणीसाठी माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. तपासणी झाली, औषधांची चिठ्ठी हाती पडली आणि दाराशी गेल्यावर त्या थांबल्या. रुग्णाच्या मनातला खरा प्रश्न पुष्कळदा असा दाराशी पोहोचल्यावरच बाहेर पडतो, हे मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. "डॉक्टर, आजाराचं नाही, पण एक विचारू? बाबांचे मासे सारखे मरतात हो. तुमच्याकडचे कसे जगतात?"

माझ्या प्रतीक्षागृहात बरीच वर्षे काचेची एक मत्स्यपेटी आहे आणि तीत काळे मोली मासे आहेत. इंजेक्शनाच्या भीतीने रडणारी मुले जरा शांत व्हावीत, एवढ्याच हेतूने मी ती आणली होती. माशांचे वैद्यक मी शिकलेलो नाही. जे थोडेफार ठाऊक आहे ते आरंभी बरेच मासे गमावून शिकलो आहे. तरीही प्रश्न आपल्या आवडीचा निघाला की डॉक्टरही खुर्चीतून उठतो. मी त्या दोघांना पेटीपाशी घेऊन गेलो.

सासरे निवृत्त गणित शिक्षक, वय ७६. (त्यांच्या व घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्या. घर दिवसभर सुने राहू लागले, तेव्हा मुलाने विरंगुळा म्हणून मत्स्यपेटी आणून दिली. पहिले मासे महिनाभरात गेले. दुसरे आणले, तेही गेले. दुकानदाराने निळे औषध दिले, तेही घालून झाले. प्रकार दर वेळी एकच: पाणी दुधाळ होई, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत आणि एक-दोन दिवसांत उलटे होऊन तरंगत.

"सर, खायला कोण घालतं?" मी विचारले.

"मीच. सकाळी एकदा, चहाच्या आधी," सर ठामपणे म्हणाले.

"आणि खाद्याचा डबा किती दिवस पुरतो?"

यावर सूनबाईंच्या कपाळाला आठी पडली. लहान डबा पाच माशांना दोन-तीन महिने सहज पुरायला हवा. त्यांच्या घरी तो तीन आठवड्यांत संपत होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना त्यांनी विचारले होते. मावशी म्हणाल्या, "आजोबा माझ्यासमोरच चार-चारदा घालतात की. मला वाटलं, माशांना लागत असेल तेवढं."

खाद्य घातल्याचे विसरणारा मनुष्य गोळी घेतल्याचेही विसरू शकतो, हे मला त्या फोननंतर सुचले. ते आधी सुचायला हवे होते. आदल्या दोन महिन्यांत सरांनी दोनदा सांगितले होते की सकाळी अकराच्या सुमारास घेरी येते आणि घाम फुटतो. मी उभ्याने-बसून रक्तदाब पाहिला, "वयाच्या मानाने होतं, सावकाश उठत जा" असे म्हणालो आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. आता त्यांच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मागवल्या. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड या गोळीचे ३० नग महिन्याच्या पहिल्या तारखेला आणलेले होते. एकोणीस तारखेच्या रात्री ११ शिल्लक असायला हवे होते, होते ४. म्हणजे १९ दिवसांत सात गोळ्या जास्तीच्या पोटात गेल्या होत्या. ही गोळी रक्तातील साखर चांगलीच खाली आणते आणि वृद्धांमध्ये हा उतार अधिक धोक्याचा असतो. पुढच्या घेरीच्या वेळी घरच्यांनी ग्लुकोमीटरने साखर पाहिली, ती ५८ निघाली. लगेच साखरपाणी दिल्यावर सर सावरले. ती गोळी आम्ही बंद करून दुसरी दिली. रक्ततपासणीत थायरॉइड ठीक होते, पण बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पूर्ण शाकाहारी व्यक्तींत ते कमी आढळणे नवे नाही. इंजेक्शने दिली. थकवा गेला, विसराळूपणा काहीसा कमी झाला. सगळा गेला नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढच्या तपासण्या करून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. ते निदान वर्षभर आधी होऊ शकले असते का, हे मला सांगता येणार नाही. माशांनी सांगितले नसते तर ते आणखी लांबले असते, एवढे मात्र नक्की.

आता मासे का मरत होते, ते पाहू. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना अक्षरशः भाजतो, म्हणून मासे वर येऊन धापा टाकतात. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर उपयुक्त जिवाणू वाढतात; त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. पण नव्या पेटीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र रविवारी पेटी आणायची, तासाभरात पाणी भरायचे आणि संध्याकाळी मासे सोडायचे, अशी घाई असते. मग महिन्याच्या आत मासे गेले की दुकानदाराला बोल लावायचा. पहिले सहा आठवडे फारच थोडे मासे ठेवावेत आणि खाद्यही नखभरच घालावे. आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. पाणी गढूळ झाले म्हणून सगळे ओतून टाकले आणि स्पंज नळाखाली खसखसून धुतला. त्यात सारे उपयुक्त जिवाणू वाहून गेले. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

मोलीची भूक फसवी असते. आपण काचेजवळ गेलो की ती समोर येऊन नाचते. तिला भूक लागली आहे असे कोणालाही वाटेल. ती दहाव्यांदाही तसेच नाचेल. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल इतकेच खाद्य पुरते. मोली पुष्कळशी शाकाहारी आहे. शेवाळ खुरचून खाणे हा तिचा स्वभाव आहे, म्हणून स्पिरुलिना असलेले खाद्य द्यावे. अधूनमधून उकडून साल काढलेला मटाराचा दाणा चुरून किंवा पालकाचे वाफवलेले पान द्यावे. मीठ-फोडणी घातलेले, पोळीचे किंवा भाताचे काहीही घालू नये. नातवंडांना हे निक्षून सांगावे लागते. निरोगी मोठी मोली तीन-चार दिवस उपाशी राहू शकते, तेव्हा गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खा डबा सोपवण्याची गरज नाही.

पाण्याविषयी एक गैरसमज वारंवार भेटतो. "आम्ही तर माशांना आर.ओ.चं शुद्ध पाणी घालतो" असे अभिमानाने सांगणारी मंडळी आहेत. मोलीचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. तिथल्या नद्यांत आणि किनाऱ्याजवळच्या निमखाऱ्या पाण्यात ती राहते; क्षारयुक्त, जरा जड पाणी तिला मानवते. आर.ओ. यंत्र नेमके हे क्षारच काढून टाकते. अशा पाण्यात मोली एकाच जागी अंग थरथरवत राहते, पुढे सरकत नाही. धरणा-तलावाचे नळाचे पाणीही बहुधा मृदू असते. दख्खनच्या कातळातले बोअरवेलचे पाणी, ज्याने आपल्या बादल्यांवर पांढरे थर बसतात, ते मोलीला गोड लागते असे म्हणायला हरकत नाही. सोसायटीत बोअरवेल असेल तर त्यातले थोडे मिसळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब घालावेत. मात्र ती बादली विसरू नका. स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. माशांसाठी भरलेली आणि बाल्कनीत राहून गेलेली बादली मी एका डेंग्यू झालेल्या रुग्णाच्या घरी स्वतः पाहिली आहे. तोंडाला पातळ कापड बांधा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी वापरून टाका. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस असावे; डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिककडे हीटर लागतो. थंडीने पाणी गार झाले आणि अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो परजीवीचा रोग समजावा आणि दुकानदाराला नेमके तेच सांगून औषध मागावे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पेटीच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाकडे येतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घेतली तर तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. एक नर आणि दोन-तीन माद्या तीत सुखाने राहतात. काच, खडे आणि पाणी मिळून वजन ६५-७० किलोंच्या घरात जाते, म्हणून पेटी दूरदर्शनसंचाच्या तकलादू टेबलावर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या समोर येईल अशी उंची असावी. उंच असेल तर मान दुखते आणि स्टुलावर चढण्याचा मोह होतो. सत्तरीनंतर स्टूल हा फर्निचरचा प्रकार घरातून बाद समजावा, हे मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे.

आठवड्याला पाचव्या हिश्शाइतके पाणी बदलावे, म्हणजे सुमारे १० लिटर. पंधरा-वीस लिटरची भरलेली बादली उचलणे हे ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना हर्निया आहे किंवा ज्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांचे काम नव्हे. पाच-पाच लिटरच्या दोन खेपा कराव्यात, त्याही शक्यतो घरातल्या तरुणाने. पेटीखाली फरशीवर जुनी सतरंजी न पसरता न सरकणारी रबरी चटई घालावी. खुब्याचे हाड मोडून माझ्याकडे आलेल्या वृद्धांना मी "कुठे पडलात" असे विचारतो, तेव्हा उत्तरात ओली फरशी फार वेळा येते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढण्याची सवय अनेकांना आहे. ते पाणी पोटात गेले तर जुलाब होऊ शकतात. नळी आधी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्यावी किंवा रबरी फुगा असलेली नळी आणावी. काढलेले पाणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतू नये. कुंड्यांना घालावे, झाडे खूष होतात.

विजेबाबत हयगय नको. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपाचे प्लग काढावेत, नुसते बटन बंद करून भागत नाही. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबकळती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले थेंब प्लगमध्ये न शिरता खाली पडतील. वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच घरात नसेल, तर पेटी आणण्याआधी तो बसवून घ्यावा.

आणखी एक आजार सांगतो, कारण तो ओळखायला माझ्यासारख्या डॉक्टरांनाही वेळ लागतो. मत्स्यपेटीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जिवाणू असू शकतो. क्षयरोगाच्या जिवाणूचा तो दूरचा भाऊबंद आहे. नाव ऐकून घाबरू नका, तो एका माणसातून दुसऱ्यात पसरत नाही आणि अखंड त्वचेतून आतही शिरत नाही. पण बोटाला खरचटलेले असताना पेटीत हात घातला, तर दोन-चार आठवड्यांनी तिथे लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही आणि बरीही होत नाही. कधी हाताच्या वरच्या बाजूला एकामागोमाग आणखी गाठी येतात. नेहमीच्या पाच दिवसांच्या प्रतिजैविकाने ती जात नाही. योग्य औषध काही महिने घ्यावे लागते. अशी गाठ असेल तर डॉक्टरांना "घरात माशांची टाकी आहे" हे आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो. मधुमेही, स्टेरॉइड घेणारे किंवा केमोथेरपी चालू असलेले यांनी पेटीत हात घालायचाच नाही, आणि इतरांनीही लांब रबरी हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत.

इतके व्याप सांगितल्यावर आपण विचाराल, मग हे लोढणे घ्यावेच कशाला? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ६२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या निवासातील भोजनकक्षांत मत्स्यपेट्या ठेवल्यावर त्यांचे जेवण वाढले आणि १६ आठवड्यांत वजन सरासरी पाऊण किलोने वाढले. ताटावरून सारखे उठून जाणाऱ्या आईला जेवू घालण्याची दमछाक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पाऊण किलोचे मोल कळेल. मासे पाहिल्याने रक्तदाब थोडा उतरतो असेही आढळले आहे. म्हणून कोणी गोळी बंद करू नये, ती मासे लिहून देत नाहीत.

सरांच्या घरी आम्ही काय केले ते सांगतो. पेटी काढून टाकावी असे मुलाचे मत होते. मी नको म्हणालो. बायको गेल्यानंतर ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस सकाळी उठत होता, ती काढून घेऊन आपण काय मिळवणार? खाद्याचा मोठा डबा सूनबाईंच्या कपाटात गेला. रोजच्या एका वेळेपुरती चिमूट त्या रात्री एका छोट्या, लाल झाकणाच्या डबीत घालून पेटीजवळ ठेवतात. डबी रिकामी दिसली की खाऊ घालून झाले आहे, हे सरांना कोणाला न विचारता कळते. गोळ्यांसाठी वारांची नावे असलेला सात कप्प्यांचा पांढरा डबा आणला आणि तो दुसऱ्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर ठेवला. माशांचे खाद्य आणि माणसाच्या गोळ्या एकसारख्या डब्यांत किंवा शेजारी-शेजारी ठेवू नका, हे आवर्जून सांगतो. सकाळची गोळी आता मुलगा समोर उभे राहून देतो. सरांना आधी ते अपमानाचे वाटले. दोन आठवडे ते मुलाशी धड बोलले नाहीत. काळजी घेणाऱ्यांनी अशा अबोल्याची तयारी ठेवावी. तो बहुधा ओसरतो.

नंतरचे मासे मेले नाहीत. साहजिकच दुसरा प्रश्न उभा राहिला. मोली अंडी घालत नाही, ती जिवंत पिल्लांना जन्म देते. साधारण महिना-सव्वा महिन्याला एका वेळी वीस-तीस किंवा अधिकही पिल्ले होतात. आणि मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवत असल्याने नर वेगळा काढला तरी पाळणा हलत राहतो. मोठे मासे पिल्ले खातात. पाणवनस्पती दाट लावल्या तर त्यांत लपून काही तगतात. वाढलेली पिल्ले दुकानदार किंवा ओळखीचे लोक घेतात. ती नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. परदेशी मासे आपल्या पाण्यात पसरले तर स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर गदा येते. हिवताप विभागाकडून मिळणारे गप्पी मासे मोलीच्याच कुळातले आहेत, पण ते कुठे सोडायचे हे आरोग्य कर्मचाऱ्यांनाच ठरवू द्यावे.

मागच्या महिन्यात सर तपासणीला आले तेव्हा त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली एक वही आणली होती. रोजच्या खाद्यापुढे बरोबरची खूण, पाणी बदलल्याची तारीख, पिल्लांची मोजणी. दर गुरुवारचा रकाना रिकामा होता. विसरलात का, असे मी जरा सावधपणे विचारले. "नाही," सर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, आठवड्यातून एक दिवस माशांचं पोट रिकामं ठेवलेलं चालतं म्हणून? हिचा गुरुवारचा उपास असायचा. तोच त्यांना लावून दिला." सूनबाईंनी मान डोलावली, त्या बुधवारी रात्री लाल डबी भरतच नाहीत.

जाताना सरांनी खिशातून कागद काढून वाचले, १४ पिल्ले मोठी झाली आहेत, दवाखान्यात जागा आहे का? माझ्या पेटीत जागा चारांचीच होती. उरलेली दहा कोणी घेणार असेल तर ती अजून त्यांच्याकडेच आहेत.